मदत हवी आहे : नांगी गळालेला नर होलोटाइप (नव्या जातीचा एकमेव प्रमाण नमुना) म्हणून चालेल का?

मंडळी, मी सांगलीत प्राणिशास्त्र शिकवतो. हसू नका, कृष्णाकाठी राहून जीव अडकलाय खाडीच्या चिखलात! रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत ओहोटीला हातपंपाने बिळं उपसली, तर घोस्ट श्रिम्प (चिखलात बिळं करणारे कोळंबीसारखे जीव) हाती लागल्या. बोटाएवढ्या, पांढुरक्या. मादीची नारिंगी अंडाशयं पाठीतून आरपार दिसतात. एक नांगी भलतीच मोठी, दुसरी किरकोळ. वर्णनं चाळली, कुठल्याच जातीशी जुळेना.

घोळ असा की आंबा घाट चढेपर्यंत एकुलत्या एका धड नराची मोठी नांगी गळाली. या प्राण्यांची खोडच ती. नांगी त्याच बाटलीत आहे, पण ओळख तर मुख्यतः नराच्या नांगीवरच! 1999 नंतरच्या नव्या जातीला होलोटाइप किंवा सिनटाइप (मिळून प्रमाण ठरणारे अनेक नमुने) स्पष्ट नेमावेच लागतात. मग होलोटाइप म्हणून हाच नर नेमू, की धड मादी? बाकीचे नमुने मी आधीच फॉर्मॅलिनमध्ये घातलेत (गाढवपणा माझाच, त्यात डीएनए खराब होतो), त्यामुळे डीएनएची भिस्त अल्कोहोलमधल्या या दोघांवरच.

आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात कुणी नमुने जमा केलेत का? आणि सांगली-कऱ्हाड-कोल्हापूर पट्ट्यात कॅमेरा ल्युसिडा (नमुना पाहत चित्र गिरवायचं साधन) बसवलेला मायक्रोस्कोप कुणाकडे आहे? चहा माझ्याकडून.