नव्या नागलीच्या सणाला शहरातील पाहुणे बोलवावेत का?

मूळ मांडणी (पेठ तालुक्यातील, सध्या नाशिकरोडला वास्तव्य)

पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांच्या डोंगरउतारांवर नागली (नाचणी) आणि वरई दिवाळीच्या आगेमागे कापणीला येतात, आणि आमच्या पाड्यावर नवे धान्य कणसरी मातेला, म्हणजे आमच्या धान्यदेवीला, दाखवल्याखेरीज कोणी तोंडात घालत नाही. यंदा या सणाला नाशिक शहरातील लोकांना बोलवावे, नागलीची भाकरी, वरईचा भात, उडदाची आमटी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी असे पाड्याच्याच धान्याचे जेवण ठरावीक दराने वाढावे, आणि जाताना पाहुण्यांनी नागली थेट आमच्याकडून विकत घ्यावी, असे मी सुचवतो.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. शहरात नागलीचे पापड आणि बिस्किटे मांडली गेली, पण ती पिकवणाऱ्याच्या खळ्यावर फारसे कोणी आले नाही. वरईचे दुखणे त्याहून मोठे आहे. ती अख्खी व्यापाऱ्याकडे जाते, नाशिकच्या गिरण्यांत तिचे टरफल निघते, आणि उपवासाला तीच भगर आम्ही दुकानातून पिशवीबंद विकत आणतो. खाणारा आणि पिकवणारा एका पंगतीला बसले, तर भावाचे बोलणे निदान समोरासमोर होईल.

प्रतिसाद (त्याच पाड्यावरील बचतगटाची सदस्य)

भाऊ, माझा विरोध पाहुण्यांना नाही, या दिवसांना आहे. उन्हाळ्यात राब भाजण्यापासून (रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार करण्यापासून) आवणी म्हणजे रोपांची लावणी, निंदणी, कापणी आणि मळणीपर्यंत नागलीचे बहुतेक काम बायकांच्या हातून होते, आणि ती खळ्यावर येते त्याच सुमारास दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) होऊन पुढची कामे सुरू झालेली असतात. पाड्यावरची धडधाकट माणसे तेव्हा मजुरीला बागांमध्ये असतात आणि मागे म्हातारी माणसे व शाळेची मुले राहतात. शंभर पाहुण्यांच्या भाकऱ्या थापायला जी बाई थांबेल तिची मजुरी बुडेल, आणि ताटाचा दर ठरवताना ही बुडालेली मजुरी कोणाच्या लक्षात राहील, हे मला आधी सांगा.

दुसरे असे की, कणगीतली नागली आमची वर्षाची बेगमी आहे. चार पैसे दिसले म्हणून ती विकायची आणि पावसाळ्यात रेशनच्या तांदळावर काढायचे, याला मी सण म्हणणार नाही.

प्रतिसाद (द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका)

नाशिकचा सुगीचा उत्सव करायचा असेल, तर द्राक्षाला वगळून कसे चालेल? जानेवारी ते मार्च या काळात बागा उतरत असतात, पाहुणे तसेही येतात आणि मजूरही इथेच असतात. तेव्हाच बागेत एकत्र जेवण ठेवावे व त्यात नागलीलाही स्थान द्यावे. अवकाळी पाऊस आणि गारपीट सोसून आम्हीही पीक काढतो. आमच्या कष्टांनाही पंगत हवी.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर

दादा, तुमच्या कष्टांविषयी दुमत नाही. परंतु द्राक्षाला निर्यातीपर्यंतचा बाजार आहे आणि नागलीला तालुक्याच्या आठवडे बाजारापलीकडे फारसे कोणी विचारत नाही. बागेतल्या जेवणात ती तोंडी लावण्यापुरती उरेल. शिवाय तिची खरी किंमत कळायला उतारावरचे ते वावर पाहावे लागते, म्हणून जागा आणि हंगाम बदलायला मी तयार नाही.

ताईंनी मजुरीचा प्रश्न काढला, तो योग्यच आहे. पाहुण्यांनी पैसे आधी भरावेत आणि त्यातून स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकीला बागेतल्या रोजाइतकी रक्कम प्रथम द्यावी, उरलेल्या पैशांचा विचार नंतर व्हावा. नव्याची पूजा मात्र पाड्याने आपल्या दिवशी आपल्यापुरतीच करावी आणि पाहुण्यांची पंगत त्यानंतर बसावी.

बचतगटाची सदस्य

रोजाचे पैसे आधी मिळणार असतील, तर मी बायकांशी बोलेन. तरीही प्रत्येक घराने बियाणे आणि वर्षाचे खाणे बाजूला काढल्यावर जे उरेल तेवढेच विक्रीला ठेवायचे, आणि नागलीचा भाव व्यापाऱ्याने किंवा शहरात राहणाऱ्या आपल्या माणसाने नव्हे, तर पिकवणाऱ्या बायकांनी ग्रामसभेत ठरवायचा. एखाद्या वर्षी पाऊस लवकर सरला आणि काहीच उरले नाही, तर पाहुण्यांना तसे कळवून पंगत रद्द करायची. हे लेखी मान्य होत नाही तोवर माझा विरोध कायम समजावा.