जुन्या ट्रकसाठी वेगळं डिझेल शोधू नका

भाऊ, तुमच्या २०१२ च्या ट्रकला जास्त गंधकाचं डिझेल हवं, नाहीतर इंजिनाचा डिझेल पंप झिजतो, असं मिस्त्रीने सांगितलं म्हणता. त्याची भीती अगदीच खोटी नाही. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणा कमी होतो, पण तो भरून काढणारं रसायन (अॅडिटिव्ह) तेल कंपन्या आधीच मिसळतात. १ एप्रिल २०२० पासून धुळ्यात काय नि रावेरला काय, पेट्रोल पंपावर बीएस-६ (भारत स्टेज, म्हणजे सरकारी प्रदूषण मानक) डिझेलच मिळतं, गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दहा भाग. बीएस-४ ला ही मर्यादा ५० होती, बीएस-३ ला ३५०. जुन्या इंजिनाला हे डिझेल चालतं. इंजिनाच्या पंपाचे जुने रबरी सील कधीकधी गळतात, तेवढे बदलून घ्या.

उलटं, म्हणजे नव्या गाडीत जास्त गंधकाचं इंधन, मात्र बिलकुल चालत नाही. माझी केळीची गाडी बीएस-६. ड्रायव्हरने सुरत रस्त्याला ढाब्यामागून ‘बायोडिझेल’ म्हणून स्वस्तातलं काहीतरी भरलं. जास्त गंधकाने सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट निकामी होतो, काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) लवकर तुंबतो. ऐन हंगामात गाडी आठ दिवस उभी, माल दुसऱ्याच्या गाडीत गेला. पक्की पावती मिळत नसेल तिथे टाकीचं झाकणसुद्धा उघडू देऊ नका.