आत्याच्या वर्षश्राद्धाला गौताळ्यात झाडे लावावीत का?

प्रश्न (कन्नड)
माझी आत्या गेल्या आषाढात वारली. जिल्हा परिषदेच्या शाळेतली तिची सारी नोकरी याच तालुक्यात झाली आणि सुटीचा दिवस आला की ती गौताळ्याच्या रानात असे. आमच्याकडे बायकांनी एकटीने रानात हिंडण्याची रीत नव्हती. तरीही भाकरी-ठेचा फडक्यात बांधून, पदर खोचून ती पितळखोऱ्याच्या लेण्यांच्या पायऱ्या उतरत असे आणि दिसलेला पक्षी, फुललेले झाड, आटलेला झरा हे सारे शाळेच्या वह्यांमध्ये तारखेसह लिहीत असे. अशा चौदा वह्या तिच्या पेटीत सापडल्या. तिच्या नावाने गौताळ्यात शंभर झाडे लावावीत, असे घरच्यांचे मत आहे. हे योग्य ठरेल का, आणि कोणती झाडे जगतील?

उत्तर (बीड)
गौताळा औट्रामघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय तेथे झाडे लावता येणार नाहीत, आणि माझ्या मते लावूही नयेत. त्या रानाला आपली रोपे नकोत, शांतता हवी. त्याऐवजी स्वतःच्या शेताच्या बांधावर पळस लावा. वैशाख-ज्येष्ठात झाडाखाली चपट्या पळसपापड्या पडतात, त्यांच्या टोकाशी एकच बी असते. ते ताजे असतानाच पहिल्या चांगल्या पावसानंतर थेट जमिनीत लावावे. शेळ्या पळसाला सहसा तोंड लावत नाहीत, ही आपल्या भागात मोठीच सोय आहे. शंभरांचा आग्रह मात्र सोडा. पुढचे दोन उन्हाळे ज्यांना पाणी घालणे होईल, तेवढीच लावा.

उत्तर (पैठण)
वर्णन वाचूनच ओळख पटली; त्या आमच्या बाई. सातवीत असताना पौष महिन्यात त्यांनी आम्हाला एसटीने नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, आणले होते. दुर्बीण एकच होती. ती हाती देण्याआधी तिची दोरी बाई प्रत्येकाच्या गळ्यात स्वतः अडकवत, मग खांद्याला धरून दिशा दाखवत. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात, हे त्या काठावर मी प्रथम ऐकले आणि त्यानंतर एकही हिवाळा मी धरणावर गेल्यावाचून राहिलो नाही. त्या दिवसाची नोंद वह्यांमध्ये असल्यास कृपया कळवावी.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
झाडांइतकीच काळजी वह्यांची घ्या. कसर लागण्याआधी प्रत्येक पानाचे छायाचित्र काढा आणि वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत न बांधता सुती कापडात ठेवा. पक्ष्यांच्या नोंदींसोबत तारीख आणि ठिकाण असेल, तर जुन्या नोंदीही ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरता येतात. झरा कोणत्या महिन्यात आटला, पळस कधी फुलला, हे इतकी वर्षे एकाच माणसाने एकाच रानात लिहून ठेवलेले फार क्वचित मिळते.

प्रश्नकर्ता
सर्वांचा ऋणी आहे. गौताळ्याचा विचार सोडला. रविवारी पापड्या वेचायला जाणार आहोत आणि बांधावर दहाच पळस लावू. पैठणच्या दादांसाठी : सहाव्या वहीत ती नोंद सापडली. ‘नाथसागर. पट्टकादंब, सुमारे ४०. मुले तासभर बोलली नाहीत.’ शेवटच्या वाक्याखाली तिने दोनदा रेघ ओढली आहे.