पानशेतला शिडाच्या होडीत वळवानं गाठलं. आधी कळलं असतं का?

ताकभात:
गेल्या रविवारी नवऱ्याच्या मित्राची सोळा फुटी होडी घेऊन पानशेतच्या पाण्यात गेलो होतो. आम्ही दोघं, आठवीतली लेक आणि सासरे. तीन वाजेपर्यंत पश्चिमेचा झकास वारा. मग एकदम पडला. शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. बाबा म्हणाले, "ऊन चावतंय, आज येणार." आम्ही हसलो, कारण समोर आभाळ लख्ख. सिंहगडाच्या बाजूला काळंकुट्ट झालं होतं, पण तिकडे आमची पाठ!

वारा आला तो उलट दिशेनं, गार, तोंडात धूळ घालत. बूम (शिडाच्या खालची आडवी काठी) गर्रकन फिरला आणि बाबांची टोपी घेऊन गेला (टोपीवरच निभावलं). नवरा शीड खाली घ्यायला गेला तर दोराची गाठ आवळून बसलेली. शेवटी लेकीनं दातांनी सोडवली. मग वल्ही मारत काठ गाठला.

सकाळी मोबाईलवर नुसतं ढगाचं चित्र होतं. वारा पडला तेव्हाच शीड उतरवायला हवं होतं का?

जुना_सारंग:
हो ताई, तेव्हाच. आभाळात एवढा ढग असताना वारा पडला की उसंत मिळाली समजायची. पावसाबरोबर ढगातली थंड हवा खाली आदळते आणि चहूकडे पसरते. ती पावसाच्या आधी पोचते, म्हणून दिशा फिरते आणि गारवा येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शिडावरचा जोर चौपट होतो, मग चौघांच्या वजनानंही होडी सावरत नाही.

आणि त्या दोराला गाठ मारायचीच नाही. खुंटीवर आठाच्या आकड्यात वेढे द्या. हाताला लागला की सुटला पाहिजे. लाइफ जॅकेट घातली होती ना? त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत.

पाषाणकर:
आपल्याकडे सगळे पश्चिमेकडे बघतात, कारण मान्सून तिकडून येतो. उन्हाळ्यातला वळीव पुण्यात बरेचदा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून येतो. सकाळचा अंदाज दुपारच्या वळवाला पुरत नाही. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा निघतो, तो बघा. आमच्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडत असेल तर सांगतं. पण पाण्यात रेंज नसेल तर वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनानं भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर तुम्ही काठावर असायला हवं. मोकळ्या पाण्यात सगळ्यात उंच वस्तू तुमची डोलकाठीच असते.

सदाशिव_३०:
मे महिन्यात दुपारी तीनला होडीत कोण जातं? सकाळी सातला जायचं, दहाला मिसळ.

ताकभात:
@सदाशिव_३०, सातला आमच्याकडे फक्त बाबा उठलेले असतात.
@जुना_सारंग, लेकीनं आणि बाबांनी घातली होती. आम्ही दोघं आमच्या जॅकेटांवर बसलो होतो. बोला आता.
नवरा कालपासून गॅलरीच्या कठड्याला दोराचे वेढे देऊन सोडतोय, लेक घड्याळ लावून वेळ मोजतेय. अजून चार सेकंदांच्या खाली आलेला नाही.