सल्ला हवाय: मामांची १९८२ ची मर्सिडीज २४०डी घरीच उभी करायची आहे (अंबाजोगाई)

बालाघाटवाला
राम राम मंडळी.

मामा दिवाळीच्या आधी गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मामी म्हणतात, "ही गाडी आता तूच बघ." गाडी म्हणजे मर्सिडीज डब्ल्यू१२३, मॉडेल २४०डी, १९८२ ची, चार गिअरची मॅन्युअल. मामांनी ती नव्वदच्या आसपास मुंबईहून जुनी घेतली होती. लहानपणी आम्ही सगळी भावंडं तिच्यातून योगेश्वरीच्या दर्शनाला जायचो, मागच्या सीटवर पाचजण.

गेली अकरा वर्षं ती शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. बाजूला सोयाबीनची थप्पी. तेव्हा उंदरांनी काय केलं असेल ते सांगायला नको. चारही टायर बसलेत, डॅशबोर्ड उन्हानं तडकलाय, बॅटरीच्या खालचा पत्रा सडलाय. दारं-खिडक्या मात्र ठणठणीत, दार लावलं की अजून तिजोरीसारखा आवाज येतो.

पुण्यातल्या एका गॅरेजनं फोटो बघून जो आकडा सांगितला त्यात आमच्याकडं दोन एकर कोरडवाहू येईल. मी शाळेत शिक्षक आहे. हाताला काम करायची आवड आहे. बुलेट स्वतः उघडून बसवलीय, पण डिझेल इंजिनाला कधी हात लावलेला नाही. रविवार आणि उन्हाळ्याची सुट्टी एवढाच वेळ.

सुरुवात कुठून करू? आधी रंगकाम की आधी इंजिन? आणि आपल्या भागात या गाडीला हात लावणारा फिटर आहे का?

ट्रॅक्सवाला_केज
सर, पुण्याला कशाला जाता? तुमच्या गाडीचं इंजिन आपल्या बीड जिल्ह्यात चाळीस वर्षं धूर काढतंय की.

खोटं वाटलं तर ऐका. २४०डी ला जे इंजिन हाय त्याचं नाव ओएम६१६. २.४ लिटर, चार सिलेंडर. बजाज टेम्पोनं (आताची फोर्स मोटर्स) हेच इंजिन मर्सिडीजकडून परवाना घेऊन इथं बनवलं. टेम्पो ट्रॅव्हलरला तेच, ट्रॅक्सला त्याच्याच घराण्यातलं. केज-अंबाजोगाई-परळी रोडला ज्या काळ्या-पिवळ्यात माणसं टपावर बसून गेली, ती सगळी तुमच्या मामांच्या गाडीची चुलतभावंडंच. मी वीस वर्षं तीच उघडतोय.

आता हे लक्षात घ्या. सगळा पार्ट जसाच्या तसा बसंल असं न्हाई. चेंबर, मॅनिफोल्ड, पंपाचं सेटिंग, मौंटिंग वेगळं असतंय. दुकानात जाताना जुना पार्ट हातात घेऊन जायचं, "मर्सिडीजचं द्या" म्हणायचं न्हाई. नुसतं नाव काढलं की भाव दुप्पट.

इंजिनाला घाबरू नका. ब्लॉक बीडाचा (म्हंजे ओतीव लोखंडाचा), हेडही बीडाचं आणि गाडीबी बीडाचीच! ॲल्युमिनियमच्या हेडसारखं जरा तापलं की वाकलं, असं ह्याचं न्हाई. पण एकदम चावी मारू नका. हे आधी करा:

जुनं ऑइल काढा, फिल्टर बदला. ट्रक-ट्रॅक्टरला घालता ते १५डब्ल्यू-४० चालतंय, साडेसहा लिटरच्या आसपास बसंल. हीटर प्लग काढून त्या भोकातून प्रत्येक सिलेंडरमधी चमचाभर ऑइल सोडा. दोन दिवस तसंच ठेवा. मग क्रँकच्या पुढच्या नटाला २७ चा सॉकेट लावून हातानं फिरवा, घड्याळाच्या दिशेनंच. फिरलं तर पेढे वाटा. अडकलं तर जोर करू नका, मला फोटो टाका.

टाकीतलं डिझेल सगळं काढायचं. अकरा वर्षांचं डिझेल म्हणजे काकवी झालेली असती. टाकीच्या तळाला जाळी हाय, ती काढून धुवा. त्या जाळीमुळं "पंप गेला" म्हणून लोकांनी पंप खोलून घेतलेले मी बघितलेत.

वाळूज_लेथ
केजवाल्या दादांशी शंभर टक्के सहमत. फक्त एक जोडतो: पंप-नोझलवाल्याकडे पहिल्या आठवड्यातच जाऊ नका. बॉशचा डिझेल सोडणारा इन-लाइन पंप आहे, आधी स्वच्छ डिझेल देऊन बघा. पंपावर हातानं दाबायचा प्रायमर असतो, त्यानं हवा काढायची. पंप तपासणीच्या बेंचवर चढवायची वेळ आलीच तर संभाजीनगर, लातूर, नांदेड कुठंही चालेल. ट्रॅक्टरवाल्यांमुळे आपल्याकडे पंपाचे कारागीर चांगले आहेत.

सर, तुमची खरी लढाई इंजिनाशी नाही, रबराशी आहे. आपल्याकडे कोकणासारखा गंज नाही. बॅटरीचा ट्रे, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, जॅक लावायच्या जागा आणि पुढच्या काचेची कड एवढं टोचून बघा. पण बेचाळीस-चव्वेचाळीसचा उन्हाळा अकरा वेळा खाल्लेलं रबर? ते बाहेरून धडधाकट दिसतं आणि हातात घेतलं की कोळशासारखं तुटतं. डिझेलच्या बारीक रिटर्न नळ्या, रेडिएटरचे होज, इंजिनाचे मौंटिंग, प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचं जाड रबर कपलिंग, सगळं बघा.

आणि सगळ्यात आधी ब्रेकचे होज. ते आतून सुजतात. पेडल दाबलं की ऑइल पुढे जातं, सोडल्यावर परत येत नाही, चाक धरून बसतं. लोक कॅलिपर (डिस्क आवळणारा भाग) बदलतात आणि दोष नळीत असतो. चारही चाकांना डिस्क आहेत, कॅलिपरचे पिस्टन गंजले असतील तर ते काम मी लेथवर बघू शकतो. ब्रेक ऑइल नवं डॉट ४ घाला, ते हवेतला ओलावा पितं, दर दोन वर्षांनी बदलायचं. मी तर म्हणेन, गाडी *चालू* व्हायच्या आधी ती *थांबली* पाहिजे. अंबाजोगाईचा घाट उतरायचाय तुम्हाला.

टायरवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही खोल असो, जुने टायर काढून टाका.

मांजराकाठ
लातूरहून. पाण्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका, बाबांनो! आमच्याकडे बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर बसतो, तो ब्लॉकच्या आत काय करत असेल? माझ्या बाबांची जुनी डिझेल गाडी त्यानंच गेली. आम्ही २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेली माणसं, पाण्याची किंमत आम्हाला सांगू नका. पण गाडीला डिस्टिल्डच द्या, निम्मं कूलंट निम्मं पाणी. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, असं फिटर सांगतात. ते गोठू नये म्हणून नाही, गंजू नये आणि लवकर उकळू नये म्हणून घालायचं.

जुना थर काढायला किराणा दुकानातलं लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड). दहा लिटर पाण्याला एक किलो, इंजिन गरम होईपर्यंत चालवा, थंड झाल्यावर काढा, मग साध्या पाण्यानं तीन-चार वेळा धुवा. लाल-तपकिरी चहा बाहेर येईल. रेडिएटरच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतील तर वरच्या नळीची मान हलक्या हातानं तपासा, ती तडकते आणि मग सगळं पाणी एकदम जातं.

गोदाकाठची
नांदेडहून, वकिली करते. दादा, पाना हातात घ्यायच्या आधी कागद हातात घ्या.

मालक वारले की आरटीओला तीस दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर हस्तांतर मागायचं असतं. तुम्ही भाचे, मामी हयात आहेत. म्हणजे आधी मामींच्या नावावर, मग मामींकडून तुमच्या नावावर. इतर वारस असतील तर त्यांची संमती आत्ताच लिहून घ्या. आज "सडकी गाडी" म्हणणारे नातेवाईक ती चमकल्यावर आठवणी काढतात, हे माझ्या धंद्यातलं पहिलं ज्ञान.

दुसरं, पुनर्नोंदणी कधी संपली ते बघा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस, शिवाय पर्यावरण कर. एप्रिल २०२२ पासून पुनर्नोंदणीची फी देशी कारला ५,००० आणि आयात कारला ४०,००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना त्यानंतर ती आणखी वाढली. तुमची आयात आहे आणि वीस वर्षांवरची, तेव्हा वाढलेला आकडा बजेटमध्ये धरा. जुन्या डिझेलची बंदी वगैरे जे ऐकता ते दिल्लीकडचं, आपल्याकडे फिटनेस मिळतंय तोवर चालते.

शेंद्रा_फाटा
एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा ट्रॅक्सचं एक चांगलं रनिंग इंजिन आणून टाका ना. आठवड्यात रस्त्यावर. आणि आधी रंग मारा, रंग मारला की घरच्यांचा विरोध मावळतो. मी माझ्या जिप्सीला हेच केलं. आपल्या संभाजीनगरनं २०१० साली एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, त्यातल्या किती जणांनी पाना धरला?

गोदाकाठची
इंजिन बदललं तर आरसीवर नोंद लागते, परवानगी लागते. शिवाय विंटेजचा नियम २०२१ साली आला: पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी, मूळ रूपात, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नको. मग वेगळी 'व्हीए'ची नंबर प्लेट, दहा वर्षांची नोंदणी. रोज वापरता येत नाही; प्रदर्शन, रॅली, डिझेल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच काढता येते. सरांची गाडी २०३२ ला पन्नाशी गाठेल. तोवर मूळ इंजिन जपलं तर दार उघडं राहील.

वाळूज_लेथ
मूळ आहे की नाही तेच आधी बघा. २४०डी च्या चेसिस नंबरात १२३१२३ हे आकडे येतात, इंजिन नंबर ६१६९१२ नं सुरू व्हायला हवा. नव्वदच्या दशकात बऱ्याच गाड्यांची इंजिनं गुपचूप बदललीत.

रंगाबद्दल: नको हो, आधी नको. रंगवलेल्या गाडीखाली वेल्डिंग करताना ठिणगी उडते तेव्हा माणूस रडतो. शेवटी रंग. सडलेला पत्रा कापून नवा घाला, वरून लांबी (पुट्टी) चोपडू देऊ नका. आपले डेंटर लांबीवर फार प्रेम करतात.

पार्टची काळजी करू नका. या मालिकेच्या १९७६ ते १९८६ मध्ये सुमारे सत्तावीस लाख गाड्या बनल्या. जर्मनीत कंपनीचा स्वतःचा क्लासिक विभाग आहे, चेसिस नंबर दिला की पार्ट नंबर निघतो. महाग पडतं ते रबर-सील तिकडून मागवा; बेअरिंग, ऑइल सील मापानं इथंच मिळतात.

ट्रॅक्सवाला_केज
जिप्सीवाल्या भाऊ, ज्याचं त्याचं मत हाय. पण आधी कॉम्प्रेशन, म्हंजे सिलेंडरातला दाब, तर मोजू द्या. नव्या इंजिनाला बावीस-चोवीस बार असतंय, पंधराच्या वर आणि चारही सिलेंडर एकमेकांच्या तीन बारच्या आत असतील तर हेड उघडायचं कारणच न्हाई. गेज नसंल तर चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडलं तर बोलू.

आन टॅपेट, म्हंजे व्हॉल्व्हची फट. इंजिन थंड असताना इनटेक ०.१०, एक्झॉस्ट ०.३० मिलिमीटर. दोन १४ चे पाने लागतात, एक तापवून वाकवलेला. माझ्याकडं हाय तो, येताना घेऊन येतो. मटण करणार असाल तर रविवारी, न्हाईतर शनिवारी.

बालाघाटवाला
(पाच आठवड्यांनी)

मंडळी, उशिरा लिहितोय, माफी असावी.

कागद ताईंनी सांगितले तसे मार्गी लावले. मामींच्या नावावरचा अर्ज दिलाय. चेसिस १२३१२३, इंजिन ६१६९१२, म्हणजे मामांनी जपलं होतं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं बाळंतपण झालेलं निघालं, सोयाबीनच्या शेंगांसकट. टाकीतून खरोखर काकवी निघाली. ब्रेकचे चारही होज नवे, दोन कॅलिपर वाळूजहून होऊन आले (दादा, पैसे घेतलेच नाहीत पूर्ण, हे बरोबर नाही).

केजवाले दादा रविवारीच आले. टॅपेट लावले. एक्झॉस्टचे दोन अगदी आवळलेले होते. लिंबूफुलाचं काम इंजिन चालू झाल्यावर करू म्हणाले, तोवर साधं डिस्टिल्ड पाणी. संध्याकाळी पाचच्या सुमारास हीटरचा दिवा विझायची वाट बघितली आणि चावी मारली. तिसऱ्या वेळेला पकडलं. पांढरा धूर इतका, की शेजारच्या शेतातून माणूस बादली घेऊन पळत आला. दोन मिनिटांत धूर निवळला आणि तो आवाज सुरू झाला. मामींनी पदर तोंडाला लावला. मी काही बोललो नाही.

मग चावी बंद केली. इंजिन चालूच. चावी काढून हातात घेतली, तरी चालूच! माझे हातपाय गळाले. दादा शांतपणे बॉनेटपाशी गेले आणि 'स्टॉप' लिहिलेला लिव्हर दाबला. बंद.

तेव्हा मामी म्हणाल्या, "अरे, तुझे मामा कायम असंच बॉनेट उघडूनच बंद करायचे. आम्हाला वाटायचं जर्मन गाडी अशीच असती."

वाळूज_लेथ
हाहा! सर, ते व्हॅक्यूम (नळीतली हवा ओढून केलेली पोकळी) आहे. या गाडीत चावी फिरवली की व्हॅक्यूमनं पंप बंद होतो. कुठंतरी नळी फुटलीय, म्हणजे मामांनी ती वर्षानुवर्षं तशीच चालवली. सेंट्रल लॉक असेल तर तेही त्याच व्हॅक्यूमवर चालतं. दारांकडे जाणारी नळी काढून तोंड बंद करा आणि चावीनं बंद होतं का बघा. झालं, तर गळती दारात आहे. जनावरांच्या डॉक्टरकडून मोठी सिरिंज आणा, एकेक नळीला लावून ओढा. दट्ट्या जागेवर टिकला तर नळी चांगली, सैल आला तर तीच.

बालाघाटवाला
सिरिंज मिळाली. ड्रायव्हरच्या दारापासून सुरू करतो. मामी म्हणतात दुरुस्त नाही झालं तरी चालेल.