प्रति: फेल्डपोस्टचा शिक्का असलेले झोल्डबूख

झोल्डबूख म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकाचं पगार आणि ओळखीचं पुस्तक, आणि फेल्डपोस्ट म्हणजे त्यांची लष्करी टपालसेवा, युद्धटपाल. अशा एका पुस्तकाबद्दल आधीच्या पोस्टमध्ये म्हटलंय की आतल्या पानावर पाच आकडी फेल्डपोस्ट क्रमांकाचा शिक्का आहे, म्हणजे हे झोल्डबूख टपाल खात्यातल्या सैनिकाचंच. हे काही पटत नाही. तो क्रमांक म्हणजे तुकडीचा सांकेतिक पत्ता. तुकडीचं नाव पाकिटावर उघड होऊ नये म्हणून दिलेला. पायदळ असो की इस्पितळ, असा क्रमांक सगळ्यांनाच असे. विक्रेते मात्र या शिक्क्यावर खुशाल ‘दुर्मीळ फेल्डपोस्ट’ म्हणून किंमत चढवतात.

खरी खूण चौथ्या पानावर, तुकड्यांच्या नोंदींत. तिथे ‘फेल्डपोस्टआम्ट’ (युद्धटपाल कार्यालय) लिहिलेलं दिसलं तर गोष्ट वेगळी. मग दुसऱ्या पानावरचा व्यवसाय बघा. युद्धटपालाची माणसं मुख्यतः राइशपोस्टमधूनच, म्हणजे तेव्हाच्या जर्मन टपाल खात्यातूनच घेतलेली, त्यामुळे तिथे टपाल कर्मचारी असल्याची नोंद जुळायला हवी. व्यवसाय खाटीक आणि तुकडी टपालाची असेल तर मी तरी पैसे मोजण्याआधी थांबेन. फोटोवरचा शिक्का कागदावर सलग उतरलाय का, हेही पाहा. फोटो बदललेली पुस्तकं बाजारात आहेत. पहिल्या पानावरचा ओळखबिल्ल्याचा क्रमांकही टिपून ठेवा. त्या बिल्ल्यांच्या नोंदी २०१९ पासून जर्मनीच्या बुंडेसआर्काइव्हकडे (राष्ट्रीय अभिलेखागाराकडे) आहेत.