मदत हवी आहे: एकच ब्लॉट, दोन कॉम्प्युटर, बँडचे आकडे वेगळे

वेस्टर्न ब्लॉटचे (नमुन्यातली प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) बँड, म्हणजे पट्ट्या, मी इमेजजे या इमेज मोजायच्या प्रोग्रॅममध्ये मोजते. फाइल तीच, चौकट तेवढीच, तरी लॅबच्या कॉम्प्युटरवर आणि माझ्या लॅपटॉपवर आकडे जुळत नाहीत. सगळेच सारख्या पटीत वाढले असते तर हरकत नव्हती, शेवटी अ‍ॅक्टिनने (सगळ्या नमुन्यांत साधारण सारखं असणारं, तुलनेसाठीचं प्रथिन) भागायचंच असतं. पण इथे गुणोत्तरच बदलतंय. लॅबमध्ये तिसऱ्या लेनचा (एका नमुन्याच्या उभ्या रांगेचा) बँड पहिल्याच्या अडीचपट येतो, लॅपटॉपवर पावणेदोनपट. थीसिसमध्ये कुठला लिहू?

करते ते असं: 16 बिटची टिफ (मूळ इमेज फाइल) उघडते, बँड नीट दिसावेत म्हणून ब्राइटनेस थोडा हलवते, मग 8 बिट करते. 1 दाबून पहिली लेन, 2 दाबून पुढच्या, 3 दाबून आलेख. शिखराच्या पायथ्याशी सरळ रेघ मारून वाँड या निवडीच्या टूलने क्लिक. रेघ हाताने मारते, त्यात उन्नीस-बीस होणारच, पण एवढा फरक त्याने पडेल का? बॅकग्राउंड वजा करायच्या रोलिंग बॉल पद्धतीची त्रिज्या दोन्हीकडे 50 आहे, ती तपासली.

प्रतिसाद
रेघेचा दोष वाटत नाही. अ‍ॅनलाइज मेनूत जेल्समध्ये जेल अ‍ॅनलायझर ऑप्शन्स उघडा आणि 'अनकॅलिब्रेटेड ओडी'समोर (ओडी म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी, गडदपणाचं माप) टिक आहे का ते दोन्हीकडे बघा. टिक असली की प्रत्येक पिक्सेलसाठी 255 भागिले त्याची किंमत, याचा लॉग घेतला जातो. लॉगमुळे गडद बँड जास्त फुगतो, फिका तितका नाही. म्हणून गुणोत्तरच हलतं. ही टिक प्रोग्रॅम बंद करताना त्या कॉम्प्युटरवरच्या प्रेफरन्सेसच्या फाइलमध्ये जाते. आधी कुणी लावून ठेवली असेल तर तुम्हाला तशीच मिळते.

आणि ब्राइटनेस हलवून 8 बिट करणं आजच थांबवा. त्या क्षणी पडद्यावर जी रेंज दिसते तीच 0 ते 255 वर ताणली जाते, तिच्या बाहेरचं सगळं कापलं जातं. तुमची काळजी मला याचीच जास्त वाटते. 65,536 पातळ्यांच्या 256 करायच्या तरी कशाला? जेलची मोजणी 16 बिटवरही चालते.

धागाकर्ती
मनापासून आभार! लॅबमध्ये टिक होती, माझ्याकडे नव्हती. ती काढली, मूळ 16 बिट फाइल घेतली, ब्राइटनेसला हात लावला नाही. आता दोन्हीकडे आकडे जवळजवळ सारखे येताहेत, उरलेला फरक रेघेचा. पण आधीचे अकरा ब्लॉट जुन्या पद्धतीने मोजलेत. तेवढे तसेच ठेवले तर चालतील का?

प्रतिसाद
नाही हो, सगळे पुन्हा मोजा. मूळ टिफ जपल्यात ना? मग एका दिवसाचं काम आहे. मोजण्याआधी प्रत्येक फाइलमध्ये सर्वात गडद बँडवर कर्सर नेऊन किंमत बघा. ती टोकाला टेकली असेल तर बँड सॅच्युरेट झालाय, म्हणजे त्याहून गडद नोंदताच येत नाही. तो मोजून उपयोग नाही, कमी एक्स्पोजरची इमेज घ्या.